सासू नाटक लिहिते, तिला काय द्यावं?

३ ऑक्टोबर, शुक्रवार

ही डायरी खरं म्हणजे माझी नाही. दसऱ्याला नागपूरहून परत येताना आईंसाठी घेतली होती. आई म्हणजे सासूबाई. माझ्या आईला मी मम्मी म्हणते, त्यामुळे घोळ होत नाही. तपकिरी कव्हर, मध्ये रेशमी फीत, प्रत्येक पानाखाली इंग्रजीत एक सुविचार. दिवाळीला देऊ म्हटलं. घरी येऊन आईंची वही चोरून बघितली तर त्यांचं अक्षर एवढं मोठं की या डायरीच्या पानावर सात ओळी मावतील आणि आठवी त्या सुविचाराच्या डोक्यावर बसेल. डायरी बाद. आता ती वाया कशाला घालवायची म्हणून मीच लिहायला घेतली.

लग्नाआधी तीन वर्षं मी नागपुरात एका गिफ्टच्या दुकानात काउंटरला होते. कोणासाठी, वय काय, किती जवळचं नातं, एवढे तीन प्रश्न विचारले की चौथ्या मिनिटाला माझ्या हातात कात्री आणि चमकी कागद असायचा. साहेबाला पेनस्टँड. मेहुणीला पर्स. ज्या जावेशी पटत नाही तिला भिंतीवरचं घड्याळ. माझ्या हातून गेलेली वस्तू कुणी परत आणली नाही. पण तीन वर्षांत एकही गिऱ्हाईक "आमच्या घरात एक लेखक आहे हो, त्याला काय द्यावं" असं विचारत आलं नाही, आणि नेमकी माझ्याच नशिबी सासू लेखिका आली.

आई, म्हणजे धुरपताबाई, सकाळी पवनीच्या बाजारात मासोळी विकतात आणि दुपारी नाटक लिहितात. दिवाळी झाली की आमच्या आसगावची मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. त्या दिवशी घराघरात पाहुणे, आणि रात्री गावच्याच माणसांनी केलेलं नाटक. आधी ते शाळेतले एक मास्तर लिहायचे. त्यांची बदली झाली तेव्हा सातवी शिकलेल्या आई म्हणाल्या, मी पाहू का लिहून. त्याला वीस वर्षं झाली.

आता मुद्दा. काल अतुलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जेवता जेवता सहज सांगितलं, "औंदा आईच्या नाटकात सासू-सून आहे."

गावात सुना पुष्कळ आहेत. लेखिकेच्या घरात एकच आहे. मेमध्ये लग्न होऊन आलेली. आणि मंडईला मम्मी-पप्पा पहिल्यांदा येणार आहेत, त्यांना मानाने पुढच्या खुर्च्या मिळणार. म्हणजे हजार माणसांसमोर आणि माझ्या आईबापासमोर माझं काय होणार, ते सध्या त्या वहीत ठरतंय, आणि ती वही आई आता उशाखाली घेऊन झोपतात.

५ ऑक्टोबर, रविवार

आज लेखिकेचं निरीक्षण केलं. गिऱ्हाईक नीट ओळखल्याशिवाय वस्तू काढू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

आई बाजारातून आल्या की हात धुतात, अंगणात पाटावर बसतात, गुडघ्यावर दोनशे पानी वही आणि हातात पेन्सिलचा तुकडा. हात धुतले तरी मासोळी काही जात नाही. नाटक बसवणारे चंद्रकुमार काका (पेशाने शिंपी, आणि यंदा सासूचं काम तेच करणार आहेत, मिशीसकट) म्हणतात, धुरपताबाईचं नाटक मी डोळे झाकून ओळखतो, नुसतं नाकाजवळ धरायचं.

लिहिता लिहिता आई माणसांकडे बघतात. आज मी ओसरीवर केस विंचरत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि दोन ओळी लिहिल्या. मी फणी घेऊन आत गेले. त्यांनी आणखी एक ओळ लिहिली.

माझ्याविरुद्ध मसाला भरपूर आहे, ते मलाही माहीत आहे. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी रश्शात दोनदा मीठ टाकलं. बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जेवून दोन तांबे पाणी प्यायलं आणि चूपचाप जाळं विणायला बसले. आई म्हणाल्या, "चांगला झाला बाई रस्सा." मी चाखला होता. तो रस्सा चांगला म्हणणारं माणूस एक तर संत असतं नाहीतर हिशेब मनात ठेवणारं. मी मासोळी कापायला बसले तर, "राहू दे बाई, तुहे हात खराब होतीन." भात खाली लागला तर, "होते बाई." सकाळी उशिरा उठले तर माझ्या वाटणीचा चहा झाकून ठेवलेला. पाच महिन्यांत एक वाकडा शब्द नाही. मम्मीने तर त्या रश्शाचं पातेलं माझ्या डोक्यात घातलं असतं!

इतकं गप्प कुणी कसं राहू शकतं? बाहेर येत नाही म्हणजे आत साठतंय. आणि साठलेलं कुठे जातं ते मी रोज दुपारी बघतेय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं. दिवाळीची वाट बघायची नाही. नाटक लिहून झाल्यावर भेट देऊन काय उपयोग? लेखिकेचा हात चालू असतानाच तो जरा मऊ करायला हवा. याला कुणी लाच म्हणेल. आम्ही दुकानात त्याला "ॲडव्हान्समध्ये दिलेलं गिफ्ट" म्हणायचो.

जेल पेन मागवला. भारी, सोनेरी टोपणाचा, डबीत मखमल.

अतुल म्हणाला, "आईले कायले पेन? ते पेन्सिलनं लिहिते."

"म्हणूनच तं देऊन राहिली," मी म्हटलं.

या माणसाला काही कळत नाही. तो मच्छीमार संस्थेचा पिकअप चालवतो, नागपूरला मासोळी पोचवतो, आणि गिफ्ट म्हटलं की त्याच्या डोक्यात फक्त मिठाईचा डबा येतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पेन दिला. आईंनी डबी उघडली, मखमलीवरून बोट फिरवलं, म्हणाल्या, "चांगला आहे बाई." दुपारी त्याने लिहायलाही बसल्या. मी खिडकीतून बघत होते. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी कळलं. आईंचे हात कधी पूर्ण कोरडे नसतात. बाजारात अर्धा वेळ त्या पाण्यात हात घालून असतात, घरी आल्यावर बाबांनी आणलेल्या मासोळ्या पुन्हा टबात सोडतात, आणि मध्येच सुचलं की तशीच वही ओढतात. पेन्सिलला पाण्याचं काही वाटत नाही, जेलला वाटतं. दुसऱ्या प्रवेशाची चार पानं निळीभोर झाली होती. सासू कोणती आणि सून कोणती ते कळेना.

मी म्हटलं, "आई, माझ्यामुळे झालं."

"काही नाही होत बाई. पुन्हा लिहिता येते."

आणि चारही पानं पेन्सिलने पुन्हा लिहायला बसल्या. निदान "कुठून आणलास हा पेन" एवढं तरी म्हणायचं! नाही. मला तर वाटतं, पुन्हा लिहिताना त्यांनी सुनेला आणखी दोन दुर्गुण वाढवले असणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोठी वस्तू. टेबल आणि खुर्ची. लेखक पाटावर बसून लिहितो हे कुणी ऐकलंय का? अतुलला पवनीला पाठवलं आणि पिकअपमधून आणवली. अंगणात मांडली, वर फुलदाणी ठेवली.

आई खुर्चीवर बसल्या. पाय जमिनीला टेकेनात. एस.टी.ची वाट बघत असल्यासारख्या अर्धा तास बसून राहिल्या, हात मांडीवर, वही टेबलावर, एक अक्षर नाही. मग म्हणाल्या, "चांगली आहे बाई," आणि उतरून पाटावर गेल्या.

आता त्या खुर्चीवर बाबा बसतात. टेबलाच्या एका पायाला जाळ्याचं टोक बांधलं की म्हणे फार सोयीचं होतं. फुलदाणीत सुतळी आणि सुया आहेत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

छापील पोस्टर आलं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पिठाच्या चक्कीवर, पानठेल्यावर. नाटकाचं नाव: सासूच्या तोंडाला कुलूप.

मी तिथेच चक्कीसमोर उभी राहिले, दळणाचा डबा डोक्यावर. सासूच्या तोंडाला कुलूप लागलंय. ते घातलं कोणी? अर्थात सुनेने. नाटकात दुसरं आहे कोण?

शेजारची रंजूताई म्हणाली, "काहून वो मनाली, तुह्या सासूनं तुलेच आणलं वाटते नाटकात!" आणि हसली. मीही हसले. घरी येऊन पीठ ओतताना अर्धं खाली सांडलं. आईंनी सांडलेलं भरून घेतलं आणि म्हणाल्या, "होते बाई."

मम्मीला फोन केला. विचारलं, तब्येत कशी आहे, प्रवास झेपेल ना, नसेल तर मंडईला नाही आलात तरी चालेल. मम्मी म्हणाली, "काहून? आम्ही तं येऊनच राहिलो. पप्पांनी नवीन शर्ट शिवला."

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज बाबा चक्क बोलले. बाबूलाल हे नाव ऐकून माणूस बडबडा असेल असं वाटतं, पण आमचे बाबा दिवसाला दहा वाक्यांच्या वर जात नाहीत. खुर्चीवर बसून जाळं विणता विणता त्यांनी आजच्या दहापैकी पाच मला दिली.

"माह्या मायनं धुरपतीले लय बोललं. रोज बोले. बोलल्याबिगर तिच्या ताटात भात नाही पडे. हे चूपचाप आयके. एकडाव मले म्हणे, माही सून आली का मी तिले एक शब्द नाही बोलणार."

मी विचार केला. बरोबर आहे. बोलणार नाही. लिहिणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनतेरस. आता डोकं लढवणं पुरे. लेखिका असली तरी शेवटी बाई आहे, आणि बाईला साडी आवडते. हिरवी जरीकाठाची साडी दिली. दुकानातला माझा स्वतःचा नियम होता, काही सुचलं नाही की साडी, पण तो मी गिऱ्हाइकाला कधी सांगितला नाही.

"चांगली आहे बाई," आई म्हणाल्या. मला आता या तीन शब्दांचा तिटकारा आला आहे.

दुपारी चंद्रकुमार काका तणतणत आले. शेवटचा प्रवेश अजून हातात नाही. आठ दिवसांवर मंडई. सुनेचं काम करणारी बाई तेवढी वडशाची, नाटक कंपन्यांच्या गावची आहे, ती ऐन दिवशी येणार, तिला संवाद आधी फोनवरून द्यावे लागतात.

"बाई, तुमचं तं कधी असं नाही होत. औंदा काय झालं?"

"सुचून नाही राहिलं," आई म्हणाल्या.

"मंडळी म्हणून राहिली का वडशाहून कंपनीच बोलावू. आपलं नाटक औंदा राहू द्या."

आईंचा चेहरा एवढासा झाला. वीस वर्षांत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असणार. मला त्यांची फार दया आली, आणि तेवढंच हेही वाटलं की बोलवा एकदाची कंपनी, मी सुटेन. हे लिहायला लाज वाटते, पण डायरी माझी आहे.

जाताना काका म्हणाले, सासूच्या कामाला बरी साडी नाही. आईंनी माझी हिरवी साडी काढून त्यांच्या हातात ठेवली. काकांनी ती अंगणातच खांद्याला लावून बघितली. मिशीखाली शोभत होती, हे मान्य करावं लागेल.

२० ऑक्टोबर, सोमवार

आई बाजारातून दहा वाजताच परत आल्या, उजवा हात फडक्यात गुंडाळलेला. टबात शिंगी मासोळी होती. तिच्या काट्यात विष असतं, ती नीट धरावी लागते, आणि आई तीस वर्षं नीट धरत आल्यात. आज गिऱ्हाईक समोर, डोकं नाटकात, हात सरळ टबात. अंगठ्यात काटा घुसला. दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. अंगठा वांग्याएवढा सुजलाय.

आई दुखतंय म्हणाल्या नाहीत. पाटावर बसल्या, वही गुडघ्यावर घेतली, डाव्या हाताने पेन्सिल धरून बघितली. एक अक्षर काढलं, ते "म" होतं की "भ" कळेना. मग वही बाजूला ठेवून अंगणातून दिसणाऱ्या तलावाकडे नुसत्या बघत राहिल्या.

मी भांडी घासत होते. मला काय झालं कोण जाणे. ओल्या हातानेच गेले आणि म्हटलं, "आई, तुम्ही सांगा. मी लिहिते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुले वेळ आहे का?"

पाच महिन्यांत मला या घरात वेळाशिवाय काय मिळालं आहे!

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. उद्यापासून पेन्सिल माझ्या हातात. म्हणजे सून माझ्या हातात. कुठे एखादं वाईट वाक्य आलं तर ऐकलंच नाही म्हणता येईल.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. पण दुपारी दोन तास आम्ही दोघी अंगणात होतो. काकांसाठी सगळं नाटक स्वच्छ अक्षरात उतरवायचं आहे, म्हणून सुरुवातीपासून. आई जुन्या वहीतून वाचून दाखवतात, मध्येच बदलतात, मी लिहिते.

मी गाळायला तयार होऊन बसले होते. गाळण्यासारखं काही येईचना.

नाटकातली सून चांगली आहे. जरा वेंधळी आहे, पण हसरी. केस विंचरते तेव्हा सासूला ती फार सुंदर दिसते, असं तिथे चक्क लिहिलंय. कुलूप सुनेने घातलेलंच नाही! सासूने स्वतःच घातलंय. तिच्या सासूने तिला जन्मभर बोल लावले, म्हणून तिने शपथ घेतली आहे की सुनेला एक शब्द बोलणार नाही. आणि न बोलून बोलून तिचं पोट फुगायला लागलंय. मग ती रोज तलावाच्या पाळीवर जाते आणि मासोळ्यांना रागावते. हा प्रवेश मी जसाच्या तसा उतरवते:

सासू : (पाण्याकडे वाकून) तुमीच सांगा वो बायांनो! एवढ्याशा रश्शात मूठभर मीठ कोणी टाकते का? पाणी पिऊ पिऊ बुढ्याची रात गेली! सांगा नं! बोलत काहून नाही? तुमच्याही तोंडाले कुलूप लागलं काय?

मी लिहिता लिहिता हसायला लागले. पेन्सिल थांबेना, हसू थांबेना. मग "मीठ" हा शब्द लिहून झाला आणि हसू आपोआप थांबलं.

वर बघितलं तर आई माझ्याकडेच बघत होत्या. "बरा जमला का?" त्यांनी विचारलं. परीक्षेचा निकाल विचारतात तसं.

"लय मस्त आहे," मी म्हटलं. मान खाली घालून पुढचं पान उघडलं. मला लाज वाटत होती.

२२ ऑक्टोबर, बुधवार, पाडवा

आज शेवटचा प्रवेश. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

अतुल गाडी धुवायला तलावावर गेला होता, बाबा जाळं घेऊन त्याच्याबरोबर. आम्ही दोघीच. आईंनी सांगायला सुरुवात केली.

"सून बॅग भरून दारात आली. माहेरी जातो म्हणते. सासू आडवी झाली. सासू म्हणते, काय कमी केलं वो मी तुले? बोट लावलं का? शब्द लावला का? मंग काहून जाऊन राहिलीस? लिहिलं?"

"लिहिलं. आता सून काय म्हणते?"

आई पट्टीवरून हात फिरवत राहिल्या.

"तेच तं सुचून नाही राहिलं. आठ दिवस झाले, मी इथंच अडून बसली. मी सून होती तवा मी काहीच म्हणलं नाही. सासू बोले, मी आयको. सुनेच्या तोंडात काय घालाव, मले काय मालूम?"

मी पेन्सिल खाली ठेवली. मी ठरवून काही बोलले नाही. ते बाहेर आलं.

"सून म्हणते, कमी काहीच नाही केलं तुमी. सकाळी चहा झाकून ठेवला, हात खराब होतीन म्हणून मासोळी कापू देल्ली नाही, करपलेला भात होते बाई म्हणून खाल्ला. पाहुणीले असंच ठेवतेत. पण पाहुणी कधी ना कधी आपल्या घरी जाते. म्हणून मी जाऊन राहिली."

आई अगदी हळू म्हणाल्या, "मंग सासूनं काय कराव?"

"बिघडलं तं बिघडलं म्हणाव. सकाळी उठवाव. रागवाव माह्यावर! मम्मी रागवे तवा मले मालूम राहे का हे घर माहं आहे. इथं पाच महिने झाले, मले अजून समजून नाही राहिलं का मी कोणाच्या घरी आहो."

सुनेवरून मी कधी माझ्यावर आले ते मला कळलं नाही. मी रडायला लागले. चांगली हुंदके देऊन रडले. आईंनी डावा हात माझ्या पाठीवर ठेवला आणि त्याही रडल्या. आवाज न करता. त्यांना आवाज करून रडायची सवयच नसावी.

थोड्या वेळाने त्यांनी पेन्सिल उचलून माझ्या हातात दिली.

"लिही."

"काय लिहू?"

"आता म्हणलीस ते. पुन्हा म्हण, हळू म्हण, अना एकही शब्द गाळू नको."

मी लिहिलं. दोनदा चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. पडदा पडतो, असं शेवटी लिहिलं तेव्हा ऊन अंगणाच्या पार टोकाला गेलं होतं. आईंनी वही बंद करून मांडीवर घेतली.

मग म्हणाल्या, "अना आयक. तो रस्सा खरंच लय खारा होता वो बाई. मी बी रातभर पाणी पेली."

२३ ऑक्टोबर, गुरुवार

चंद्रकुमार काकांनी शेवटचा प्रवेश उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला. गळ्यातल्या मापाच्या टेपने डोळे पुसले. म्हणाले, कंपनी गेली खड्ड्यात. तेवढ्यात वडशाच्या बाईंचा फोन आला, की सुनेचं बोलणं फार लांब आहे, जरा कमी करता येईल का.

आई आतून ओरडल्या, "एक शब्द कापाचा नाही म्हणून सांग तिले!"

मी दचकलेच. हा आवाज त्यांच्याकडे आहे, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी मी सरळ विचारलं, "आई, दिवाळी तं झाली, पण खरं सांगा. तुम्हाला काय आवडलं असतं?" धंद्यातली माझी सगळी अक्कल गहाण टाकून विचारलं. गिऱ्हाईक कधीच असं थेट विचारत नाही.

"आता काही आणू नको," आई म्हणाल्या. "खुर्ची बुढ्यानं घेतली, साडी चंद्रकुमारनं नेली, पेनानं अतुल डिझेलचा हिशेब लिहिते. घरात लेखक एक अना भेटी साऱ्या गावाले!" आणि स्वतःच्याच बोलण्यावर पोट धरून हसल्या. मीही हसले. पण त्यांना काय आवडलं असतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार, मंडई

मंडपात माइकचं "हॅलो, हॅलो" चालू आहे. नाटकाला अजून चार तास आहेत. घरात अठरा पाहुणे आहेत, तरी मी दहा मिनिटं आतल्या खोलीत येऊन बसले, कारण हे आत्ताच लिहायला हवं.

मम्मी-पप्पा सकाळी आले. पप्पांचा नवा शर्ट, मम्मीच्या हातात मिठाईचे तीन डबे. आईंनी मम्मीला ओसरीवर मानाने बसवलं, "बसा ताई, थकून आल्या असान," म्हणत पाणी दिलं. अगदी हळू आवाजात. मम्मी माझ्या कानात म्हणाली, "किती गरीब स्वभावाची आहे गं!"

पाहुण्यांसाठी बाबांनी सकाळीच तलावातून मरळ आणली होती, हातभर लांब. ती कापायला मी बसले. आज पहिल्यांदा. आई शेजारी पाटावर बसून अंगठ्याने दाखवत होत्या, इथून धर, तिथून नाही. वेळ लागला, पण जमलं. तुकडे परातीत मांडून मागच्या ओसरीवर ठेवले, आणि मम्मीला माझी खोली दाखवायला पुढे आले. मग पुढच्या ओसरीवर बोलत बसलो. तिथेच अतुलच्या मावशा, बाबांचे मित्र, पप्पा, सगळे चहा घेत होते. आणि मागून आवाज आला.

"मनाले! ए पोट्टे! कुठी जाऊन बसलीस? दार सताड उघडं टाकून कोणत्या राजाच्या दरबारात गेल्लीस? कुत्र्यानं मरळ नेली न! डोकं नेलं, मधचा तुकडा नेला! तुले डोळे कायले देल्ले देवानं? आता पाहुण्यायले काय तुहं बोट खाऊ घालू? ऊठ! चाल! पळ त्याच्या मांगं!"

पप्पांचा कप तोंडाजवळच थांबला. मावशांनी एकमेकींकडे पाहिलं. बाबा, ज्यांना मी कधी हसताना बघितलं नव्हतं, ते खुर्चीवर बसून गदागदा हलत होते. आरपार उघड्या दारातून दिसत होतं, परसदारात आई कमरेवर हात देऊन उभ्या, पट्टीचा अंगठा वर, तोंड लाल. माझ्याकडे बघितलं आणि क्षणभर घाबरल्या. हे मी स्पष्ट पाहिलं. त्या घाबरल्या, की जास्त तर झालं नाही.

मी उठले. मला इतकं हसू येत होतं की पायात चप्पल जाईना. "आली आई!" असं मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले.

मम्मीने माझा हात घट्ट धरला. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं होतं.

"मनू, खरं सांग. रोज अशीच बोलते का हे बाई तुह्याशी?"

"नाही मम्मी," मी म्हटलं. "आजच सुरू झालं."